अभ्रकावर डीएनए मांडताना

एएफएमवर, म्हणजे अतिसूक्ष्म टोकाने पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर, डीएनए बघायला आलेल्या नव्या मुलांना आधी मशीनपाशी बसायचं असतं. मी त्यांच्या हातात सेलोटेप देते. निम्मं काम तिथेच होतं किंवा बिघडतं.

डीएनए जेमतेम 2 नॅनोमीटर जाड. तो काचपट्टीवर ठेवला तर काचेच्या खडबडीतपणातच हरवतो, म्हणून अभ्रक: वरचा थर टेपने सोलला की खाली सपाट, ताजा पृष्ठभाग मिळतो. आयुर्वेदातल्या भस्मासाठी काळं लागतं. आपल्याला पांढरं, म्हणजे मस्कोव्हाइट. टेप अभ्रकाच्या चकतीवर सपाट दाबा, बोटाने घासा आणि एका दमात ओढा. टेपवर अखंड गोल पापुद्रा आला तरच पुढे जा. अर्धवट निघाला तर पुन्हा काढा, कारण अभ्रकाच्या एका थराची पायरी साधारण 1 नॅनोमीटर उंच असते आणि हवेत घेतलेल्या चित्रात डीएनएही बहुतेकदा तेवढाच किंवा त्याहून बुटका दिसतो. पायऱ्यांच्या कडांना डीएनए समजून आनंदलेले लोक मी पाहिलेत.

अभ्रकाचा पृष्ठभाग ऋणभारित, डीएनएही ऋणभारित. दोघांना धरून ठेवायला मध्ये मॅग्नेशियम किंवा निकेल लागतं. इथे मी स्वतः तीन दिवस घालवले. डीएनए टीई बफरमध्येच (डीएनए साठवायचं नेहमीचं द्रावण) पातळ करत होते आणि त्यात 1 मिलिमोलर निकेल क्लोराइड टाकत होते. टीईमध्ये धातूंचे आयन पकडून ठेवणारं ईडीटीए असतं, तेही 1 मिलिमोलर. त्याने सगळं निकेल गिळलं आणि मी रोज स्वच्छ, सुंदर, रिकामं अभ्रक बघत बसले. तेव्हा डीएनए पातळ करायला शुद्ध पाणी घ्या. मायक्रोलिटरला 1 नॅनोग्रॅम डीएनए आणि 5 ते 10 मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, यापासून सुरुवात करा. 10 मायक्रोलिटरचा थेंब ठेवा, पाच मिनिटं थांबा, मिलिलिटरभर शुद्ध पाण्याने हळू धुवा. मग वाळवायला नायट्रोजन कडेने, अगदी फुंकर घातल्यासारखा. न धुता वाळवलं तर मिठाचे डोंगर दिसतील.

पुण्यात जुलैमध्ये आणखी एक भानगड. दमट हवेत अभ्रकावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि टिप, म्हणजे मशीनचं चाचपणारं टोक, त्यात चिकटते. नमुना सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. जेल निळी असेल तोवर ठीक, गुलाबी झाली की भाजून घ्या.

आता मशीन. टॅपिंग मोड (टिप कंप पावत पृष्ठभागाला हलकेच टेकत जाते), 300 किलोहर्ट्झच्या आसपासची सिलिकॉन टिप. लेझर कॅन्टिलिव्हरच्या, म्हणजे टिप बसवलेल्या लवचिक पट्टीच्या, टोकाशी आणा, ट्यून करा, टेकवा. टेकवल्यावर सेटपॉइंट (टिप किती जोराने टेकते ते ठरवणारा आकडा; खाली नेला की जोर वाढतो) खाली ढकलायचा मोह आवरा. पृष्ठभाग जेमतेम पकडला जाईल एवढाच ठेवा, नाहीतर डीएनए सपाट होतो, सरकतो. गेन (टिप उंचसखलपणाला किती चटकन प्रतिसाद देते ते) वाढवत न्या, रेघा थरथरायला लागल्या की थोडा मागे. जाताना आणि येतानाच्या रेघा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. 2 मायक्रॉनचा चौकोन, 512 रेघा, सेकंदाला एक रेघ: साडेआठ मिनिटं लागतात. तेवढा वेळ खुर्ची सरकवू नका. गणपतीआधी संध्याकाळी जवळच ढोलपथकाचा सराव सुरू झाला की मी स्कॅन लावतच नाही. चित्रात पट्टे दिसले तर स्कॅनचा वेग बदलून बघा. पट्ट्यांमधलं अंतर बदललं तर ते बाहेरून आलेत.

1986 साली बिनिग, क्वेट आणि गेर्बर यांनी पहिलं एएफएम बनवलं तेव्हा सोन्याच्या पातळ पट्टीला हिऱ्याचा कण चिकटवला होता. आता टिपा डबीतून तयार येतात, तरी संशय टिपवरच घ्यायचा. प्रत्येक धागा दुहेरी, आणि जोडीतलं अंतर सगळीकडे एकाच दिशेला? टिपला दोन टोकं झालीत. इथे स्कॅनचा कोन बदलून काही कळत नाही, कारण टिप आणि नमुना एकमेकांसापेक्ष तसेच राहतात. नमुनाच हाताने 90 अंश फिरवा. तरीही दुहेरीपणा त्याच दिशेला राहिला तर टिप टाकून द्या. महाग असते, मला माहीत आहे. टाका.

चित्र सपाट करताना ग्विडिऑन या सॉफ्टवेअरमध्ये आधी डीएनएवर मास्क लावा, म्हणजे तो हिशेबातून वगळा, नाहीतर धाग्यांच्या दोन्ही बाजूंना काळ्या सावल्या पडतात आणि लोक त्यांना खड्डे म्हणतात. रुंदी मोजू नका; टिपची त्रिज्या 8 नॅनोमीटर असेल तर 2 नॅनोमीटरचा धागा 11 दिसायचाच. लांबी मोजा. मी नेहमी इकोआरवन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने कापून सरळ केलेलं पीयूसी19 हे गोलाकार डीएनए (प्लाझ्मिड) घेते: 2686 बेसजोड्या, प्रत्येकी 0.34 नॅनोमीटर, म्हणजे सुमारे 913 नॅनोमीटर. पंधरा-वीस धागे मोजा. काहीच तोकडे निघाले तर ते तुटलेले किंवा एकमेकांवर चढलेले असतील. सगळेच सारख्या प्रमाणात चुकले तर डीएनए बाजूला ठेवा आणि कॅलिब्रेशनची, म्हणजे ठाऊक मापाची, जाळी लावा.