परवानगी एकदा वर दिली की खाली काढता येत नाही

हेल्प डेस्कच्या कामाला लागलो तेव्हा तक्रारी नोंदवून त्यांचा माग ठेवणाऱ्या रिक्वेस्ट ट्रॅकर या सॉफ्टवेअरचं, म्हणजे आरटीचं, अ‍ॅडमिन खातं पहिल्याच आठवड्यात माझ्या हाती आलं. तिकीट, म्हणजे नोंदवलेली एकेक तक्रार, उघडणं, बंद करणं मला येत होतं. परवानग्यांचं पान मात्र तोवर उघडलंही नव्हतं.

नवीन माणसांना तिकिटं दिसत नाहीत, अशी तक्रार आली. मी ग्लोबलच्या, म्हणजे सगळ्या आरटीला लागू होणाऱ्या, ग्रुप राइट्समध्ये गेलो आणि ‘प्रिव्हिलेज्ड’ या ग्रुपला, ज्यात आमचे सगळे कर्मचारी येतात, ‘शो-तिकीट’ हा तिकीट वाचण्याचा हक्क देऊन टाकला. सगळ्यांचं काम झालं, दोघातिघांनी आभारही मानले. पुढे मनुष्यबळ विभागासाठी वेगळी क्यू, म्हणजे तिकिटांची वेगळी रांग, काढली. तिच्यात फक्त त्यांच्या ग्रुपला परवानगी दिली आणि क्यू सुरक्षित आहे असं समजलो. काही दिवसांनी नेटवर्कच्या एका सहकाऱ्यानं येऊन हळूच सांगितलं, की शोधताना त्याला कोणाच्या तरी पगाराची तक्रार वाचायला मिळाली. त्या तक्रारदाराला काय वाटलं असेल, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

कारण साधं आहे. आरटीत परवानग्यांची फक्त बेरीज होते, वजाबाकी नाही. ‘या क्यूवर याला मनाई’ असा पर्यायच तिथे नाही. ग्लोबल पातळीवर दिलेलं प्रत्येक क्यूला लागू होतं आणि क्यूच्या पानावर ते दिसतही नाही, म्हणून फसायला होतं. त्यामुळे ग्लोबलला अगदी मोजकं द्यावं, बाकी सगळं क्यूवर, आणि तेही माणसाला नव्हे तर ग्रुपला. माणूस विभाग बदलतो तेव्हा ग्रुपमधून एक नाव काढलं की पुरतं. व्यक्तिगत दिलेले हक्क नंतर कोणाच्याच लक्षात राहत नाहीत.

मी चाचणीही चुकीची केली होती. रूट खात्याकडे सुपरयूजरचा हक्क असतो, त्याला सगळंच दिसतं. तेव्हापासून प्रत्येक ग्रुपसाठी एक साधं चाचणी-खातं ठेवतो आणि बदल केला की त्यातून लॉगिन करून पाहतो: जे दिसायला हवं ते दिसतं का, आणि जे दिसू नये ते खरंच लपलंय का. दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत.

नेहमी अडणाऱ्या काही गोष्टी. ओनरच्या, म्हणजे तिकिटाची जबाबदारी घेणाऱ्याच्या, यादीत नाव येत नसेल तर त्या क्यूवर ‘ओन-तिकीट’ आहे का बघा. तिकीट दुसऱ्या क्यूत हलत नसेल तर हलवणाऱ्याला त्या दुसऱ्या क्यूत ‘क्रिएट-तिकीट’ लागतं. बाहेरच्या ईमेलवरून तिकीट बनायला हवं असेल तर ‘एव्हरीवन’ला, म्हणजे बाहेरच्यांसकट सगळ्यांना, क्रिएटचा हक्क द्यावा लागतो; पुढची उत्तरंही ईमेलने यायला हवी असतील तर रिप्लायचा हक्कही लागतो. कॉमेंट वाचण्याचा हक्क मात्र तक्रारदाराच्या भूमिकेला कधीच देऊ नका. तिथे आपली आपसातली चर्चा असते.

क्यू किती असाव्यात? माझं ठाम मत, कमी. प्रिंटर, माउस, मॉनिटर अशा वेगळ्या क्यू काढल्या की तिकीट टोलवलं जातं आणि वाट पाहणारा वाटच पाहत बसतो. काम करणारी टीम वेगळी असेल, किंवा वाचण्याचा हक्क कोणाला हे वेगळं असेल, तरच नवी क्यू काढावी. उपकरणाचा प्रकार कस्टम फील्डमध्ये, म्हणजे तिकिटावर आपण जोडलेल्या रकान्यात, नोंदवता येतो. शिवाय जुनी क्यू आरटीच्या अ‍ॅडमिन पानावरून पुसता येत नाही, फक्त निष्क्रिय करता येते. घाईत काढलेली माझी पाच नावं त्या यादीत अजून आहेत.