घराण्याचा इतिहास शोधायचाय? मग आधी कुठला क्लास लावायचा ते ठरवा

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात कागद नाहीत असं घर क्वचितच, पत्र्याच्या ट्रंकेत पणज्याचं वाटणीपत्र असतंयच, खरं ते वाचणार कोण? जुनं बहुतेक मोडी लिपीत, १९५६ ला हा भाग आजच्या कर्नाटकात गेल्यानंतरचं सरकारी बहुतेक कन्नडमध्ये आणि मध्येच एखादा कोर्टाचा कागद इंग्लिशमध्ये. म्हणून वंशावळ काढायला क्लास लावावाच लागतो, फक्त कागद हातात घ्यायच्या आधी लावू नका, मी तीच चूक केली आणि शिकलेलं महिन्याभरात विसरलो.

सुरुवात घरातून. म्हाळाला जी तीन पिढ्यांची नावं घेतात ती लिहून काढा, बायकांची माहेरची नावं आणि गावं पण. मग शाळेचा दाखला, पहाणीचा उतारा (म्हणजे कर्नाटकातला सातबारा), वारसा डायरी (वारस नोंद), जे मिळेल त्याचे मोबाईलवर उजेडात फोटो काढा. ज्या कागदापाशी तुमची गाडी अडली, क्लास त्याचा लावायचा, एवढं साधं आहे.

बहुतेकांची अडते मोडीपाशी. महाराष्ट्राचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, पुण्यात १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, आणि ऑनलाईन क्लास पण आता भरपूर निघालेत. फी विचारायच्या आधी एक प्रश्न विचारा, सर, सरावाला कुठल्या काळाचे कागद देणार? पेशवेकालीन वळण वेगळं आणि इंग्रजी अमलातल्या कुलकर्ण्या-तलाठ्याचं घाईचं बारीक वळण वेगळं, आणि आपल्या घरातले कागद बहुतेक या दुसऱ्या वळणाचे. नुसती मुळाक्षरं गिरवून घेणारा क्लास असेल तर सोडून द्या. मोडीत आधी आडवी रेघ मारून घेतात आणि खाली अक्षरं सलग लिहीत जातात, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, त्यामुळे अक्षर ओळखता आलं तरी शब्द कुठं तुटतो ते सरावानेच कळतं. रोज पंधरा मिनिटं घरचाच कागद घेऊन बसा, आपल्या गावाचं नाव एकदा ओळखलं की त्यातली अक्षरं पुढच्या ओळीत आपोआप दिसायला लागतात.

माझा एक किस्सा, ‘रामजी बिन सुभानजी’ वाचून मी आठवडाभर समजत होतो की हा रामजी सुभानजीशिवाय म्हणजे वेगळा निघालेला. बिन म्हणजे ‘चा मुलगा’, वलद म्हणजे पण तेच! क्लासमध्ये हसले सगळे.

जुन्या कागदात सालं वेगवेगळ्या सनांत असतात, त्यांचं इसवी साल काढायचं गणित वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: शकात ७८ मिळवा, फसलीत ५९०, सुहूर सनात ५९९ किंवा ६००, महिना बघून एखादं वर्ष इकडं-तिकडं. शके १८१२ म्हणजे १८९० झालं.

कन्नड. यावरून वाद घालायचा तर दुसरीकडं घाला, वंशावळीला कन्नड वाचता यायलाच पाहिजे. पूर्ण भाषा नको, अक्षरं, आकडे आणि दहा-बारा शब्द बस झाले: तंदे म्हणजे वडील, मग म्हणजे मुलगा, गंड म्हणजे नवरा. शेजारच्या शाळेतल्या कन्नडच्या बाईंना महिनाभर संध्याकाळी विचारलं तरी जमतंय. एक सांभाळा, दाखल्यावरचा बाळू उताऱ्यात बाळप्पा होऊन बसलेला असतो, आणि नातवाला आज्याचंच नाव ठेवायची पद्धत, त्यामुळे दोन माणसं एक आणि एक माणूस दोन व्हायला वेळ लागत नाही.

शोधायची पद्धत शिकायला इंग्लिश क्लास चालतात. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाईटचे फुकट आहेत. त्यांची उदाहरणं चर्चच्या नोंदवह्यांची आणि घरोघरच्या जनगणनेची, आपल्याकडं जनगणनेचे नाववार कागद काही बघायला मिळत नाहीत, म्हणून ते सोडा आणि सवय तेवढी उचला. कुठल्या कागदात काय मिळालं, कुठं शोधून काहीच मिळालं नाही, हे तारखेसकट लिहायचं, दोन कागद भांडत असतील तर कुठला खरा मानला आणि का, ते पण लिहायचं. आणि कुठला जिल्हा शोधताय ते तपासा, बेळगाव वेगळा जिल्हा झाला १८३६ ला, त्याच्या आधीचं धारवाडात बघावं लागतं.

शेवटी एक मास्तर दारात येतात ते चुकवू नका. सुगी झाली की हेळवी येतात, पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वह्या सांभाळणारे, पूर्वी बैलावरून यायचे. आमची आजी सुपातनं जोंधळे घालायची आणि आम्ही पोरं बैलाकडं बघत बसायचो, हेळव्यानं वाचलेली नावं कुणीच लिहून घेतली नाहीत. आता आले तर चहा द्या, बसवून घ्या, विचारून रेकॉर्डिंग चालू करा, आणि तो कुठली पिढी कुठल्या गावावरून आली म्हणतो ते मध्ये न बोलता ऐका, नंतर उताऱ्याशी ताडून बघता येतंय.