जाहीरनाम्यातल्या बस मोजायच्या कशा?

पुण्याचा महापौर लोक थेट निवडत नाहीत. नगरसेवक निवडतात, तोही अडीच वर्षांसाठी. म्हणून महापालिका निवडणुकीत बससेवेबद्दलची आश्वासनं ताडून बघायची ती पक्षांची आणि आपल्या प्रभागातल्या उमेदवारांची.

आधी कोणाच्या हातात काय आहे ते पाहा. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एकत्र करून २००७ मध्ये पीएमपीएमएल ही कंपनी झाली. तिच्यात पुणे महापालिकेचा वाटा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४०. संचलन तूट, म्हणजे बस चालवण्याचा खर्च आणि उत्पन्न यांतला फरक, याच प्रमाणात वाटली जाते. भाडं बदलायचं तर परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते आणि बसच्या लेनमध्ये घुसणाऱ्यांना दंड करणं पोलिसांचं काम. महापालिकेकडे उरतात पैसा, रस्ते, थांबे आणि डेपोची जागा. तेव्हा ‘तिकीट निम्मं करू’पेक्षा ‘तुटीतला आपला हिस्सा दर महिन्याला देऊ’ हे आश्वासन जास्त वजनाचं, मग त्याला टाळ्या पडोत न पडोत.

आता बसच्या आकड्याकडे या. ‘५०० नव्या बस’ वाचलं की लगेच विचारा, त्याच काळात जुन्या किती भंगारात निघणार? वजाबाकी करून उरेल ती खरी वाढ. त्यातूनही दहातली एखादी बस दुरुस्तीत किंवा राखीव असते. उरलेल्या बसचं वारंवारितेत, म्हणजे किती मिनिटांनी बस येते यात, रूपांतर करा. एका बाजूचा प्रवास ६० मिनिटांचा आणि दोन्ही टोकांना १० मिनिटांचा थांबा धरला, तर एक पूर्ण फेरी १४० मिनिटांची होते. दर १० मिनिटांनी बस हवी असेल तर १४ बस रस्त्यावर लागतात. राखीव धरून १५-१६. हाच प्रवास ५० मिनिटांत झाला तर फेरी १२० मिनिटांची आणि १२ बसमध्ये तेच काम होतं. म्हणजे मोकळी लेन एका मार्गावर दोन बस वाचवते, आणि त्या बसना ना चालक लागतो ना डेपो. ज्या जाहीरनाम्यात फक्त खरेदी आहे आणि वेगाबद्दल चकार शब्द नाही, त्याचे गुण इथेच कापा.

लेनचं आश्वासन असेल तर रस्त्याचं नाव विचारा. कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी (बससाठी राखीव लेनची व्यवस्था) २००६ मध्ये सुरू झाली. तिचा अनुभव एवढाच की नुसती लेन आखून भागत नाही; दुचाकी आत शिरल्या, चौकात बसला प्राधान्य मिळालं नाही, की बस पुन्हा कोंडीतच. नुसतं ‘बीआरटी सक्षम करू’ हे उत्तर धरू नका.

खर्चासाठी कागद-पेन पुरतं. समजा एक बस दिवसाला २०० किलोमीटर धावते आणि प्रतिकिलोमीटर खर्च उत्पन्नापेक्षा ४० रुपयांनी जास्त आहे. रोजची तूट ८,००० रुपये, वर्षाची सुमारे २९ लाख, शंभर बसची २९ कोटी. (४० हा आकडा उदाहरणापुरता, ताजा आकडा अंदाजपत्रकातून घ्या.) भाडेतत्त्वावरच्या बसला हे गणित जास्तच लागू पडतं, कारण ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर मिळतात, प्रवासी बसोत न बसोत. फेरी चुकली तर दंड किती आणि तो वसूल कोण करणार, हेही विचारा. मोफत प्रवासाच्या आश्वासनाला इथे दोन प्रश्न जोडा: बुडालेलं उत्पन्न कोण भरून देणार, आणि वाढलेल्या गर्दीसाठी जादा फेऱ्या धरल्या आहेत का?

इलेक्ट्रिक बसचं घोडं बहुधा डेपोवर अडतं. जागा, उच्चदाब वीजजोडणी आणि चार्जर तयार नसतील तर बस येऊनही उभ्याच राहतात. म्हणून ‘डेपो उभारू’ म्हणणाऱ्याला जागा कुठली आणि ती ताब्यात आहे का, हे विचारायचंच.

शेवटी तक्ता करा: निव्वळ वाढ, मार्गावरची वारंवारिता, लेनचा रस्ता, तुटीची तरतूद, डेपोची जागा, मुदत. ज्या पक्षाने जे सांगितलं नाही तो रकाना कोराच ठेवा. त्यांच्या वतीने आपण भरायचा नाही. सत्तेत राहिलेल्या पक्षासाठी एक रकाना वाढवा: मागच्या अंदाजपत्रकांत पीएमपीएमएलसाठी तरतूद किती होती आणि त्यातली प्रत्यक्ष दिली किती.