वरून लावायचं औषधही रक्तात उतरतं: दुर्मिळ जनुकीय त्वचाविकारांत या चुका टाळा

'पोटात कुठे घेतोय, वरूनच तर लावतोय!' धडधाकट त्वचेच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी चालून जातं, कारण तिचा सर्वांत वरचा थर बहुतेक औषध बाहेरच अडवतो. नेदरटन सिंड्रोम किंवा लॅमेलर इक्थिओसिस (अंगभर खवले येणारा विकार) यांसारख्या जनुकीय आजारांत हा थर जन्मापासूनच सदोष असतो. एपिडर्मोलायसिस बुलोसा या आजारात तर फोड येऊन जागोजागी त्वचाच सुटून येते. अशा अंगावर लावलेलं मलम हे पोटात घेतलेल्या औषधासारखंच मोजून द्यायला हवं.

एक्झिमा (खाज सुटणारा त्वचादाह) समजून टॅक्रोलिमसचं मलम लावणं. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नेदरटनचं बाळ लालसर, खवलेदार, सतत खाजवणारं. त्यामुळे निदान सहज चुकतं. स्पिंक५ जनुकातल्या दोषामुळे त्वचेतल्या प्रथिनं तोडणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) आवर राहत नाही आणि वरचा थर वेळेआधीच निघून जातो. टॅक्रोलिमस हे मुळात अवयव प्रत्यारोपणानंतर द्यायचं, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. एक्झिमात मलमातून ते रक्तात सहसा नगण्य उतरतं. नेदरटनच्या रुग्णांत मात्र फक्त मलम लावून रक्तातली पातळी प्रत्यारोपणाच्या रुग्णांइतकी, काहींत त्याहूनही जास्त गेल्याची नोंद 2001 साली झाली. म्हणून या आजारात ते वापरू नये, असं औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. बाळाचे केस विरळ, ठिसूळ असतील आणि 'एक्झिमा' हटत नसेल, तर केस सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. बांबूच्या पेरांसारख्या गाठी दिसल्या की संशय बळावतो. मलम आधीच लावून झालं असेल तर डॉक्टरांना सांगून रक्तातली पातळी तपासून घ्या.

खवले काढायला सॅलिसिलिक अ‍ॅसिड अंगभर चोपडणं. इक्थिओसिसच्या लहान मुलांत याने विषबाधा होते. उलट्या, कानात गुणगुण, धाप लागल्यासारखा जलद श्वास, सुस्ती यातलं काहीही दिसलं तर मलम धुऊन टाका आणि थेट रुग्णालय गाठा. रक्तात उतरलेलं हे औषध (सॅलिसिलेट) तिथे मोजता येतं. नवजात बाळाला तर हे लावूच नये. 'साध्या' मॉइश्चरायझरमध्येही ते असू शकतं, तेव्हा ट्यूबवरचे घटक वाचा.

वरून गुंडाळणं. प्लॅस्टिक, घट्ट पट्टी, एवढंच काय, डायपरसुद्धा शोषण वाढवतो. त्यात वजनाच्या तुलनेत बाळाच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्यांच्या दुपटीहून जास्त.

स्टेरॉइड बेहिशेब लावणं, मग घाबरून एकदम थांबवणं. यातला दुसरा भाग जास्त धोक्याचा. चेहरा गोल होणं, वजन वाढत असताना उंची खुंटणं, ही शोषणाची लक्षणं. तोवर अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं स्वतःचं काम मंदावलेलं असू शकतं, म्हणून सकाळचं कॉर्टिसोल (या ग्रंथीचं संप्रेरक) तपासून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच मात्रा उतरवायची.

त्वचा सुटून झालेल्या जखमांवर रोज तेच जंतुनाशक. पोव्हिडोन आयोडीनमधलं आयोडीन बाळाच्या थायरॉइडचं काम मंद करू शकतं. सिल्व्हर सल्फाडायझिन मोठ्या जखमांवर दीर्घकाळ लावल्यास चांदी रक्तात जाते.

डॉक्टरांकडे जाताना औषधांची नावं आठवत बसू नका, ट्यूबाच घेऊन जा, रिकाम्या झालेल्यासुद्धा. आठवड्याला किती ग्रॅम संपतं, हा आकडा त्यांना सर्वांत उपयोगी पडतो, आणि तो बहुधा कुणी विचारलेला नसतो.