ट्रॅक लोडर तापतो, पण पंखा मंदच: माझा अनुभव

साखर कारखान्याच्या बगॅस (उसाचा चोथा) यार्डातला आमचा ट्रॅक लोडर, म्हणजे पट्ट्यांवर चालणारे भरणी यंत्र, तापू लागला, तेव्हा रेडिएटर बाहेरून स्वच्छ दिसत होता. मात्र ऑइल कूलर बाजूला करताच दोन्ही जाळ्यांच्या मधे बगॅसचा ओलसर, नमद्यासारखा थर आढळला. तो उलट दिशेने, पाती वाकू नयेत म्हणून कमी दाबाने हवा मारून काढला. तरीही तापमानाचा काटा चढतच होता आणि पंखा मंद होता. पंख्याची मोटर बदलण्याचा महागडा सल्ला लगेच मिळाला. पण या यंत्रात हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर फिरणाऱ्या) पंख्याच्या झडपेचा वीजपुरवठा तुटल्यास पंखा पूर्ण वेगाने फिरतो. म्हणून इंजिन बंद करून सॉलेनॉइडचा (ती झडप हलवणाऱ्या विद्युतचुंबकाचा) कनेक्टर काढला, आणि पुन्हा सुरू करताच पंखा घोंघावला. म्हणजे मोटर ठीक होती, दोष झडपेला मिळणाऱ्या विद्युत संकेतात होता. हा संकेत ज्यावर ठरतो त्या तापमान सेन्सरच्या वायरीचे आवरण घासून आतले तांबे हिरवे पडले होते. वायर बदलून ती घासणाऱ्या धातूच्या ब्रॅकेटपासून दूर बांधल्यावर काटा मध्यावर स्थिरावला.