जाम झालेला ब्रेक सोडवताना आधी काय, मग काय

पावसाळ्यात चार महिने कव्हरखाली उभी असलेली जुनी मोटारसायकल दिवाळीच्या आधी बाहेर काढायला जावं, तर चाक फिरत नाही. ऐरोली, वाशी, कोपरी, कळवा, म्हणजे खाडीला लागून असलेल्या वस्त्यांमध्ये हे जास्त होतं. हवा खारी आणि दमट असते, कव्हरखालची ओल तर वाळतच नाही. लोखंडाला तांबडा गंज धरतो, अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी साचते. दोन्ही मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतात, त्यामुळे बारीक फटीत बसलेले भाग आवळले जातात. ते सोडवता येतात. मोडतात ते बहुधा चुकीच्या क्रमाने सोडायला घेतल्यामुळे.

डिस्क ब्रेक

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कॅलिपर (डिस्कला पॅडने आवळणारा भाग) जाम दिसला की आधी होज (ब्रेक ऑइलची नळी) सोडणं. कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन बाहेर काढायला ब्रेकच्या स्वतःच्या दाबाइतकं चांगलं हत्यार नाही, आणि होज सोडला की ते हातचं जातं.

आधी दोष कुठे आहे ते पाहा. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करा. कॅलिपरवरच्या ब्लीडिंग निपलला (ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा स्क्रू) पारदर्शक नळी लावा आणि निपल पाव आटा सैल करा. ऑइल जोरात आलं आणि चाक मोकळं झालं, तर कॅलिपर ठीक आहे. दाब वर अडकलाय: मास्टर सिलिंडरचं (लिव्हरजवळचा, ऑइलला दाब देणारा पंप) परतीचं बारीक भोक बुजलंय किंवा जुना होज आतून फुगलाय. चाक तसंच अडकलेलं राहिलं, तर पिस्टन किंवा स्लायडर पिना (ज्यांवर कॅलिपर सरकतो) जाम आहेत.

निपल पोकळ असतो, म्हणून पटकन तुटतो. आदल्या रात्री मुळाशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सहा कोनी रिंग पाना किंवा सॉकेटच वापरा (बहुतेक गाड्यांना ८ नंबर), फिक्स पान्याने कोपरे गोल होतात. डोक्यावर हलके टोले द्या, आधी किंचित आवळा आणि मग सोडवा. तरी हलला नाही तर आत्ता नाद सोडा. पिस्टन निघाल्यावर रिकामा कॅलिपर गरम करून तो काढणं सोपं जातं.

आता कॅलिपर फोर्कवर घट्ट असतानाच होजचा बॅन्जो बोल्ट (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) आणि पॅडची पिन नुसती ढिली करून पुन्हा हाताला लागेल इतपत आवळा. कॅलिपर सुटा झाल्यावर तो धरून हे बोल्ट सोडवणं फार कठीण. मग माउंटिंग बोल्ट काढा, पॅड काढा, होज जोडलेलाच राहू द्या. खाली ट्रे ठेवा. टाकीवर आणि मडगार्डवर ओली चिंधी टाका, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. मास्टरच्या झाकणाचे स्क्रू मऊ असतात. साध्या स्क्रूड्रायव्हरने घसरले तर इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या.

मास्टर भरून लिव्हर सावकाश दाबत राहा. पिस्टन दर दाबाला थोडा थोडा पुढे येतो. दोन पिस्टन असतील तर एक आधी सुटतो. त्याला लाकडी पट्टी आणि सी-क्लॅम्पने अडवून ठेवा, म्हणजे दुसरा येईल. पहिला पूर्ण बाहेर पडला की दाब संपला.

मास्टरच निकामी असेल तर ग्रीसगन. बॅन्जोच्या भोकात बसेल असा अडॅप्टर वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीतला लेथवाला करून देईल. आटे १० मिमीचे असले तरी पिच कधी १.२५ असते, कधी १.०, म्हणून नमुन्याचा बोल्ट सोबत न्या. नंतर ग्रीस पूर्ण धुऊन काढा आणि सगळे सील नवे टाका, कारण खनिज ग्रीसने ब्रेकचं रबर फुगतं. पेट्रोल आणि डिझेलही त्याच कारणाने सीलजवळ नको.

पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरने पिस्टन उडवण्याची पद्धत सर्रास दिसते. ती वापरू नका. १०० पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलो. ३० मिमीच्या पिस्टनवर ते जवळपास ५० किलो होतं. हवा दबलेली असते, पिस्टन सुटला की गोळीसारखा येतो आणि समोर बहुधा बोटं असतात. ऑइलचा किंवा ग्रीसचा दाब मात्र पिस्टन हलताक्षणी उतरतो.

पिस्टनला बाहेरून पक्कड लावली तर क्रोम गेलाच. क्रोमला खड्डे दिसले तर पॉलिश पेपरने घासून उपयोग नाही, पिस्टन नवाच घ्या.

इथे बरेच जण सील बदलतात, कॅलिपर बसवतात आणि महिन्याभरात ब्रेक पुन्हा आवळतो. कारण सीलच्या खाचेत असतं. तिथली पांढरी भुकटी सीलला मागून पिस्टनवर दाबते. नवा सीलही तसाच दाबला जातो. वाकवलेल्या तारेने किंवा पितळी ब्रशने खाच चकचकीत होईपर्यंत साफ करा, पण धातू खरवडून खाच मोठी करू नका. सील बसवताना ताजं ब्रेक ऑइल लावा, स्लायडर पिनांना सिलिकॉन ग्रीस. बॅन्जोचे दोन्ही तांब्याचे वायसर नवे घाला.

ड्रम ब्रेक

स्प्लेंडर, सीडी १००, आरएक्स १०० यांच्या ड्रममध्ये जाम होतो तो ब्रेक कॅम, म्हणजे अॅल्युमिनियमच्या प्लेटमधून जाणारा, शू (ड्रमला आतून घासणारे अर्धगोल भाग) फाकवणारा लोखंडी दांडा. चाक काढण्याआधी ब्रेकच्या रॉडचा नट पूर्ण मागे घ्या. ड्रमच्या कडेला झिजून ओठ आला असेल तर शू त्यात अडकतात. ब्रेकचा आर्म (कॅम फिरवणारी बाहेरची पट्टी) हाताने मागे ढकलत प्लेटला चहूबाजूंनी लाकडी हातोडीने टोले द्या. शूवरच्या जुन्या लायनरच्या (घासणाऱ्या अस्तराच्या) धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतो: फुंकू नका, हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

शू दोन्ही बाजूंनी पुस्तकासारखे मिटून काढा. आर्म आणि कॅमवर पंचाने खूण करा. आर्मचा १० नंबरचा बोल्ट नुसता ढिला करून भागत नाही. बऱ्याच गाड्यांत तो कॅमच्या खाचेतून जातो, म्हणून पूर्ण बाहेर काढा आणि आर्मची फट स्क्रूड्रायव्हरने किंचित उघडा.

कॅम निघत नसेल तर प्लेटवर उकळतं पाणी ओता. उष्णतेने अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, तेवढ्याने पकड सुटते. लगेच तेल मारा, आर्म तात्पुरता बसवून कॅम मागे-पुढे फिरवा. तीन-चार वेळा हेच करावं लागतं. कॅमच्या टोकावर थेट हातोडी मारली तर टोक पसरतं आणि तो भोकातून कधीच येत नाही. ठोकायचंच असेल तर पितळी सळई मध्ये धरा.

दांडा ६०० नंबरच्या पेपरने घासा, भोक तेल लावून हलक्या हाताने. नंतर उष्णता सहन करणारं ग्रीस अगदी पातळ लावा, शूवर थेंबही नको. ड्रमच्या आत कमाल व्यास कोरलेला असतो. ११० मिमीचा ड्रम १११ झाला की बाद.

सगळं बसवल्यावर दोन-तीन किलोमीटर हळू फिरून या आणि चाक उचलून फिरवा. डिस्क गार असताना मोकळी आणि गरम झाल्यावर अडकत असेल, तर मास्टरचं ते परतीचं बारीक भोक अजून बुजलेलं आहे.