शाई कागदावर, रंग मोबाईलवर

कापूस वेचणाऱ्या बाया समोर बघून काढायच्या असतील तर वावरात फक्त शाईचा पेन न्या. रंग घरी आल्यावर मोबाईलवर भरा. ओटी बांधून वाकलेली बाई पुढच्या झाडाकडे वळली, की पाठीची रेघ हातची गेली. म्हणून आधी पाठ, कंबर आणि पायांचा तोल, मग हात, चेहरा सगळ्यात शेवटी.

रंग मात्र समासात लिहून ठेवा: ‘लुगडं जांभळं, काठ पिवळा, ऊन डावीकडून’. फोटो काढला तरी लिहाच. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात कॅमेरा सावल्या पार काळ्या करून टाकतो. ओटीतल्या कापसाचा उजेड हनुवटीखाली पडतो, तो त्यात येतच नाही.

घरी कागदाचा फोटो सावलीत, फ्लॅश बंद ठेवून, मोबाईल कागदाला समांतर धरून घ्या. आयबिस पेंट या चित्रं काढायच्या ॲपमध्ये चित्र आत घेताना रेघा वेगळ्या काढायचा पर्याय येतो, तो घ्या. संगणकावर किंवा टॅबवर काम करत असाल तर क्रिटामध्ये (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे) आधी लेव्हल्सने (उजळ-गडद कमीजास्त करायची सोय) कागदाचा करडेपणा घालवा, पण सुक्या निबची फिकट रेघ उडेल इतका नाही. मग तो लेयर (चित्राचा थर) वर ठेवून त्याचा ब्लेंडिंग मोड ‘मल्टिप्लाय’ करा: पांढरं दिसेनासं होतं, काळं तसंच राहतं.

रंग खालच्या लेयरवर. बादलीचं टूल इथे कुचकामी, कारण घाईच्या रेघा जागोजागी उघड्या असतात आणि रंग पानभर सांडतो. ब्रशनेच भरा, थोडा रेघेबाहेर गेला तर उलट बरा दिसतो. सावलीला काळा नको, फिकट निळा घ्या.